वाजवणारे तेच, नाव एकाचं: 'सोलो अल्बम' म्हणजे नक्की काय?

रॉक बँडच्या एखाद्या गिटारवाल्याचा सोलो अल्बम येणार, अशी बातमी झळकते. चाहता हौसेने वाजवणाऱ्यांची यादी उघडून बघतो. ड्रमवर बँडचाच ड्रमर, बेसवर बँडचाच बेसवाला, मागून गाणारे आवाजही ओळखीचे. मग यात 'सोलो' ते काय उरलं? कुणाला विचारलं तर 'पैसे काढायचे धंदे, दुसरं काय' असं उत्तर मिळतं. ते अगदीच खोटं नाही, पण त्यातून कळत काहीच नाही. गाणं कुणाच्या मालकीचं, त्याचं ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं, कव्हरवर कुणाचं नाव जाणार हे कोण ठरवतं आणि स्टुडिओत वाजवून घरी गेलेल्या माणसाच्या हाती पुढे काय लागतं, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दामागे दडलेले असतात.

ते सोडवण्यासाठी एक जुना अल्बम घेऊ. मे १९७२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने 'एस' नावाचा अल्बम बाजारात आणला. नाव होतं बॉब विअर या चोवीस वर्षांच्या गिटारवादकाचं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेटफुल डेड बँडमधल्या दोन गिटारवाल्यांपैकी धाकट्याचं. अल्बमवर वाजवणारे कोण? लीड गिटारवर जेरी गार्सिया, बेसवर फिल लेश, ड्रमवर बिल क्रॉइट्झमन, पियानोवर कीथ गॉडशॉ, गायला डोना जीन गॉडशॉ. एका गाण्यात बेस बाहेरच्या माणसाने वाजवला आणि बँडचा आजारी असलेला कळफलकवाला-गायक पिगपेन तेवढा यात नाही. बाकी तेव्हाचा अख्खा ग्रेटफुल डेड हजर. निघाला हा सोलो अल्बम करायला आणि स्टुडिओत जमले सगळे नेहमीचेच.

एका बँडमध्ये दोन गिटार कशाला?

रॉकमध्ये ज्याला लीड गिटार म्हणतात ती सूर घेऊन पुढे धावते, गायकाच्या दोन ओळींमधली जागा भरते, लांबलचक आलाप-ताना करते. ऱ्हिदम गिटार मागे राहून सुरांचे जुडगे, म्हणजे कॉर्ड, लयीत वाजवत राहते. लोकांच्या नजरा लीडवर. ऱ्हिदमवाला थांबला की मात्र काहीतरी कोसळल्यासारखं वाटतं.

विअर हा दुसऱ्या जातीचा. १९६३ च्या शेवटच्या रात्री पालो आल्टोमधल्या एका वाद्यांच्या दुकानात त्याची गार्सियाशी गाठ पडली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे बँडमध्ये तो कायम गार्सियाच्या सावलीत वाढला. १९६८ मध्ये तर 'तुझं वाजवणं कमी पडतंय' म्हणून त्याला आणि पिगपेनला बँडमधून काढायचंही ठरलं होतं. ते काढणं टिकलं नाही, पण पोरगा त्यातून शिकला. जॅझमधला पियानोवादक मकॉय टायनर डाव्या हाताने काय करतो ते तो कान देऊन ऐकत राहिला आणि ते गिटारवर आणायचा खटाटोप करत राहिला. म्हणूनच त्याची ऱ्हिदम गिटार ठोकळेबाज 'झँग-झँग' करत नाही. ती गार्सियाशी बोलते, मध्येच गप्प बसते, चुकीच्या वाटणाऱ्या जागी बरोबर येते.

१९७० नंतर तो गाणी करू लागला आणि अडचण तिथेच सुरू झाली. बँडची बहुतेक गाणी गार्सिया आणि गीतकार रॉबर्ट हंटर ही जोडी करायची. हंटर विअरसाठीही लिहायचा, पण विअर शब्द बदलायचा आणि हंटरला ते खपायचं नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत दोघांचं बिनसलं आणि हंटरने त्याला जॉन पेरी बार्लोच्या गळ्यात घातलं. बार्लो हा विअरचा कोलोरॅडोतल्या निवासी शाळेतला मित्र. त्याच्या घरची वायोमिंगमध्ये गुरांची मोठी वाडी होती आणि 'एस'ची काही गाणी तिथल्या हिवाळ्यात घडली. अल्बममधल्या आठ गाण्यांपैकी पाच बार्लोची, दोन हंटरची, एक विअरचं एकट्याचं. त्या एकट्याच्या गाण्याचीही गंमत आहे. 'वन मोअर सॅटर्डे नाइट'वर आधी हंटरने काम केलं होतं. विअरने त्यावर इतकी कात्री चालवली की हंटरने आपलं नाव काढून घेतलं.

अभंग तुकोबांचा, कीर्तन बुवांचं

गावातल्या सप्ताहाचा फलक आठवा. 'आज रात्री ९ ते ११, ह.भ.प. अमुक महाराज यांचे कीर्तन.' नाव एकाचं. प्रत्यक्षात विणेकरी आहे, मृदंगाचार्य आहेत, गायनाचार्य आहेत, मागे टाळकऱ्यांच्या ओळी उभ्या आहेत. गंमत म्हणजे हेच टाळकरी, हाच मृदंग पहाटे काकड्याला होते आणि संध्याकाळी हरिपाठालाही. तेव्हा फलकावर कुणा एकाचं नाव नव्हतं, तो सगळ्यांचा कार्यक्रम होता. रात्री माणसं तीच, पण नारदाच्या गादीवर बुवा उभे राहिले. अभंग कोणता घ्यायचा, कुठे थांबायचं, दृष्टांत कोणता द्यायचा, मृदंगाला कधी मोकळं सोडायचं, हे सगळं बुवांच्या हातात. रंगलं तर बुवांचं कीर्तन रंगलं आणि पडलं तरी बुवांचंच पडलं. अभंग मात्र तुकोबांचा तो तुकोबांचाच राहिला.

सोलो अल्बमची सगळी रचना यात आहे. अभंग म्हणजे गाण्याची रचना, गादी म्हणजे कव्हरवरचं नाव, टाळ-मृदंग म्हणजे साथ. तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या माणसांच्या असू शकतात, एकाच्याही असू शकतात. 'सोलो' या शब्दाने फक्त गादीबद्दल कळतं.

फरक इतकाच की रॉकच्या धंद्यात या तिन्हींचे वेगवेगळे कागद असतात आणि प्रत्येक कागदावर पैसे असतात.

एका गाण्यात दोन मालमत्ता

पहिली मालमत्ता रचनेची, म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकारांची असते आणि तिची वसुली सहसा एखादी प्रकाशन संस्था करते. ग्रेटफुल डेडने ही संस्था स्वतःचीच काढली होती, आइस नाइन पब्लिशिंग. त्यामुळे गाणी दुसऱ्याच्या दावणीला गेली नाहीत. त्या काळातल्या कित्येक बँडना हे शहाणपण फार उशिरा सुचलं.

दुसरी मालमत्ता ध्वनिमुद्रणाची. त्या ठरावीक दिवसांत, त्या ठरावीक माणसांनी वाजवलेल्या त्या ठरावीक टेपची. तिला धंद्यात 'मास्टर' म्हणतात आणि ती बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे असते.

हे दोन वेगळे कसे, ते 'एस'मधल्याच एका गाण्यावरून चटकन लक्षात येतं. 'प्लेइंग इन द बँड'ची चाल विअर आणि बँडमधून तेव्हा बाहेर पडलेला दुसरा ड्रमर मिकी हार्ट यांची, शब्द हंटरचे. १९७१ मध्ये ते बँडच्या मैफलीतल्या अल्बमवर आलं. १९७२ मध्ये विअरच्या 'एस'वर आलं, सात मिनिटांहून लांब. त्याच वर्षी मिकी हार्टच्या 'रोलिंग थंडर' या सोलो अल्बमवर तीच कल्पना 'द मेन टेन' नावाने आली. रचनेचं मूळ एक, टेपा तीन, कव्हरवरची नावं तीन. (दहा मात्रांचं चक्र आहे. आपल्या झपतालाच्याही दहाच, पण चाल निराळी. हार्ट त्या वर्षांत उस्ताद अल्लारखा यांच्याकडून तालाचे हिशेब शिकत होता, हे ऐकताना लक्षात ठेवावं.)

आता पैसे. अमेरिकेत तेव्हा १९०९ च्या कायद्याचा दर चालू होता. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे, प्रत्येक गाण्याला २ सेंट, रचनेच्या मालकाला. आठ गाण्यांचे पूर्ण दराने १६ सेंट. कंपन्या त्यातही घासाघीस करत, ती वेगळी गोष्ट. दर गाण्यामागे होता, मिनिटामागे नव्हता. त्यामुळे तीन मिनिटांच्या गाण्याला २ सेंट आणि सात मिनिटांच्या 'प्लेइंग इन द बँड'लाही २ सेंटच. लांबच लांब वाजवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बँडसाठी हा कायदा म्हणजे तोट्याचाच सौदा.

ध्वनिमुद्रणाचं प्रकरण तर याहून विचित्र. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षणच नव्हतं. गाण्याला होतं, टेपला नव्हतं. टेपचं राज्याराज्यांच्या कायद्यांवर भागत होतं. कव्हरवर वर्तुळातला 'पी' दिसतो तो या तारखेनंतरच्या व्यवस्थेचा. गार्सियाचा पहिला सोलो अल्बम जानेवारी १९७२ मध्ये आला, म्हणजे रेषेच्या अलीकडे. विअरचा मे महिन्यात, पलीकडे. एकाच बँडमधले दोन मित्र, एकाच वर्षातले दोन अल्बम आणि कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या युगांतले. जुन्या टेपांना डिजिटल वाजवणुकीचे पैसे केंद्रीय कायद्याने मिळायला २०१८ उजाडावं लागलं.

मग बँडच्याच नावाने का नाही काढला?

हा सगळ्यात रास्त आक्षेप. याची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही थोडीथोडी खरी आहेत.

एक, करार. बँडचा करार वॉर्नरशी होता आणि १९७२ मध्ये गार्सिया, विअर, हार्ट या तिघांचेही सोलो अल्बम वॉर्नरनेच काढले. सोलो अल्बमसाठी कंपनी वेगळी आगाऊ रक्कम देते. तिला सरळ उचल म्हणू. उचल विक्रीतून वळती होते. ती फिटेपर्यंत कलाकाराच्या हाती रॉयल्टी पडत नाही. बँडच्या अल्बमची उचल सगळ्यांच्या डोक्यावर असते, सोलोची एकाच्या. अल्बम आपटला तर बँडच्या खात्यावर डाग नाही, हा कंपनीलाही सोयीचा हिशेब.

दोन, बँडची त्या वेळची तऱ्हा. ग्रेटफुल डेडने नोव्हेंबर १९७० नंतर थेट ऑक्टोबर १९७३ पर्यंत स्टुडिओत केलेला एकही अल्बम काढला नाही. मधल्या काळात मैफलींच्या टेपांचे अल्बम आले. गाणी मात्र भराभर होत होती. ती जाणार कुठे? गार्सियाची गार्सियाच्या अल्बमवर गेली, विअरची 'एस'वर. म्हणून या दोन अल्बमना जोडून ऐकलं की १९७२ चा न झालेला स्टुडिओ अल्बम हाती लागतो. त्यातही 'एस' अधिक. कारण गार्सियाने आपल्या अल्बमवर ड्रम सोडून जवळजवळ सगळं स्वतःच वाजवलं: गिटार, बेस, कळफलक, सगळं. तो खरोखरीचा एकट्याचा अल्बम. माझ्या कानाला त्यात एक अडचण जाणवते. सगळीकडे एकाच माणसाचा श्वास आहे; कुणी कुणाला अडवत नाही, कुणी चकवत नाही. 'एस'मध्ये लेशचा बेस भलतीकडे निघतो, क्रॉइट्झमन त्याला ओढून आणतो आणि विअर या दोघांवर स्वार होऊन गातो. ज्याच्या नावावर सोलो लिहिलंय तोच अल्बम जास्त सामुदायिक वाटतो, ही मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते.

तीन, निर्णय. हे उत्तर माझ्या मते सगळ्यात वजनदार. 'लुक्स लाइक रेन' हे गाणं ऐका. त्यावर व्हायोलिनवर्गी वाद्यांचा ताफा आहे आणि गार्सिया त्यात नेहमीची गिटार सोडून पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार, वाजवतो. काही गाण्यांवर तुताऱ्या-सॅक्सोफोनही आहेत. बँडच्या बैठकीत सहाजणांपुढे हा प्रस्ताव मांडला असता तर किती वादावादी झाली असती, याची कल्पना बँडमध्ये वाजवलेल्या कुणालाही येईल. इथे विअरने ठरवलं आणि झालं. गार्सियासारखा माणूस त्याच्यासाठी साथीला बसला. रोज गादीवर असणारा माणूस धाकट्याच्या कीर्तनात टाळ घेऊन मागच्या ओळीत उभा राहतो तेव्हा गादीची सत्ता कुणाकडे आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही?

याच्या उलट टोकाचं उदाहरण बघितलं की या आक्षेपाची हवा जाते. १८ सप्टेंबर १९७८ ला किस या बँडच्या चौघांनी एकाच दिवशी चार सोलो अल्बम काढले. चारही कव्हरवर 'किस' हे नाव, एकाच धाटणीची रंगवलेली चार तोंडं. आत मात्र कुणाच्याही अल्बमवर बाकीच्या तिघांपैकी कुणीच नाही. त्यातला गिटारवाला एस फ्रेली याचा अल्बम सगळ्यात जास्त गाजला. (हा एस वेगळा, गल्लत नको.)

म्हणजे किसच्या चार अल्बमवर बँडचं नाव आहे पण बँड नाही, आणि विअरच्या अल्बमवर बँड आहे पण नाव नाही. फसवणूक म्हणायचीच तर कुठल्याला म्हणाल? मला विचाराल तर विअरने गिऱ्हाइकाला जास्तच दिलं. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं छापलेली होती. जो वाचेल त्याला कळत होतं.

साथीदारांच्या पदरात काय पडतं?

'एस'वर वाजवणाऱ्यांचा आपसातला हिशेब काय होता यात शिरत नाही. सर्वसाधारण पद्धत सांगतो. दुसऱ्याच्या अल्बमवर वाजवणाऱ्याला अमेरिकेत वादकांच्या संघटनेने ठरवलेल्या दराने त्या त्या सत्राचं मानधन मिळतं. वाजवलं, पैसे घेतले, विषय संपला. अल्बमच्या विक्रीत त्याला वाटा हवा असेल तर तो आधी लिहून घ्यावा लागतो. एखादा सूर इतका नेमका सुचवला की गाणं त्यावरच उभं राहिलं, तरी रचनेच्या श्रेयात नाव नसेल तर त्याबद्दल दमडी नाही. बँडमधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

रेडिओचं तर विचारूच नका. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकाराला पैसे मिळतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच नाही, मग तो कव्हरवरचा असो की मागचा. १९९५ च्या कायद्याने इंटरनेट आणि उपग्रह रेडिओपुरता हा अन्याय थोडा सुधारला. आता तिथल्या वसुलीतले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठीच्या निधीला जातात. आता कळेल की कव्हरवर कुणाचं नाव आहे हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न का नाही. 'मुख्य' की 'साथ', या एका नोंदीवर ४५ आणि ५ इतका फरक पडतो आणि ते ५ सुद्धा सगळ्यांत वाटायचे.

पण 'एस'ची गाणी स्टुडिओत थांबली नाहीत. आठपैकी सात गाणी ग्रेटफुल डेड पुढे मैफलींमध्ये वाजवत राहिला, गार्सियाच्या १९९५ मधल्या मृत्यूपर्यंत. त्याच १९७२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावरचा तीन तबकड्यांचा अल्बम आला आणि 'वन मोअर सॅटर्डे नाइट' त्यावरही आहे, या वेळी बँडच्या नावाने. म्हणजे सोलो अल्बमने बँडची गाणी पळवली नाहीत, उलट बँडला गाणी पुरवली. मैफलीच्या तिकिटांचे पैसे सगळ्यांचे आणि रचनेचे पैसे विअर-बार्लो किंवा विअर-हंटरचे. या व्यवस्थेत कुणाचंच फारसं बिघडलं नाही.

यातला बार्लो पुढे इंटरनेटवरच्या स्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता झाला. १९९० मध्ये त्याने या कामासाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन ही संस्था इतरांसोबत स्थापन केली. शब्द आणि विचार कुलपात ठेवून किंमत वाढत नाही, असं तो मांडायचा. दाखला द्यायचा तो आपल्याच बँडचा, ज्याने श्रोत्यांना मैफली टेप करायला मोकळीक दिली होती. रॉयल्टी खाणाऱ्या गीतकाराने हे म्हणावं याची गंमत त्यालाही कळत असणार.

सोलो अल्बम म्हणजे फुटीची नांदी?

कधी कधी, हो. जेनेसिसचा गिटारवादक स्टीव्ह हॅकेट याने १९७५ मध्ये 'व्हॉयेज ऑफ द अकोलाइट' काढला. त्यावर बँडमधलेच माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स वाजवतात. वरवर पाहता हे सगळं 'एस'सारखंच. पण आपल्या रचनांना बँडच्या अल्बमवर पुरेशी जागा मिळत नाही ही हॅकेटची खंत होती. सोलो करून पाहिल्यावर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली आणि १९७७ मध्ये तो बाहेर पडला. बीटल्समध्ये जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला अल्बमगणिक एक-दोन गाणी यायची. बँड फुटल्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने एकदम तीन तबकड्यांचा अल्बम काढला आणि त्यावर ड्रम वाजवायला बीटल्सचा ड्रमर रिंगो होताच.

ग्रेटफुल डेडने या तुंबण्याला वाट काढून दिली. १९७३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा बँडसाठी एक आणि सोलो अल्बमसाठी राउंड रेकॉर्ड्स नावाची दुसरी, अशा दोन वेगळ्या केल्या. कंपन्या काही वर्षांत बुडाल्या, कारण धंदा त्यांना जमत नव्हता. कल्पना मात्र शहाणी होती: वेगळ्या वाटा गृहीतच धरायच्या, म्हणजे त्यांचा गवगवा होत नाही.

यात मुंबई कुठे आली?

आली, आणि चांगली दोनदा.

कुठल्याही बीटलचा पहिला सोलो अल्बम म्हणजे हॅरिसनचा 'वंडरवॉल म्युझिक', १९६८. त्याचा बराच भाग त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, असे इथले वादक. लंडनमध्ये उरलेलं काम झालं तेव्हा रिंगो आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टन वाजवून गेले, पण खोट्या नावांनी: 'रिची स्नेअर' आणि 'एडी क्लेटन'. कारण पुन्हा करार. कंपनीशी केलेल्या करारात 'आमच्याशिवाय कुणासाठी वाजवायचं नाही' अशी अट असते. वाजवायचंच तर परवानगी काढून कव्हरवर 'अमुक कंपनीच्या सौजन्याने' असं छापावं लागतं. सगळेच एका कंपनीत असले की हा त्रास वाचतो. विअरचा वाचला.

दुसरी वेळ मिकी हार्टची. 'रोलिंग थंडर'च्या पहिल्याच तुकड्यात पाऊस पडतो आणि त्या पावसाचं श्रेय छापलंय अल्लारखा आणि झाकीर हुसेन यांच्या नावावर. माहीमचा झाकीर तेव्हा नुकताच अमेरिकेत स्थिरावत होता. पुढे १९७६ मध्ये राउंड रेकॉर्ड्सवरच हार्ट आणि झाकीर यांच्या दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम आला आणि त्यात गार्सियाने गिटार वाजवली. एका बँडच्या सोलो उद्योगांमधून माहीम ते सॅन फ्रान्सिस्को अशी वाट पडली, ती झाकीरभाईंच्या शेवटपर्यंत चालू राहिली.

आपल्याकडे साथीदाराचा हक्क काय?

आपल्याकडे हा वाद जुना आहे. गाणाऱ्याला मानधनापलीकडे रॉयल्टी मिळावी की नाही यावरून साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लताबाईंची बाजू कायद्यात यायला २०१२ उजाडलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि सादरकर्त्याला, म्हणजे गायकाला आणि वादकालाही, व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. पुढच्या वर्षी गायकांची इसरा ही संस्था वसुलीसाठी उभी राहिली. कायद्यात एक मेख आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ आहे आणि श्रेयनामावलीत नाव नाही, त्याला हा आर्थिक हक्क नाही. मागच्या बाजूला छापलेल्या नावाला किती मोल आहे, ते ढोलकीवाल्याला आणि बासरीवाल्याला विचारा.

पन्नास वर्षांनी, वेगळ्या हातांनी

एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये विअरने 'एस' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. १९७२ च्या साथीदारांपैकी त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. बेसवर डॉन वॉज होता आणि बाकीची मंडळी विअरच्या नंतरच्या वुल्फ ब्रदर्स या बँडची. अख्खा ग्रेटफुल डेड जाऊनही अल्बम 'एस'च राहिला. तो विअरचा होता की बँडचा, याचा याहून सरळ पुरावा मला सापडत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये जुनी टेप आणि ही नवी मैफल एकत्र प्रसिद्ध झाली. ध्वनिमुद्रणं दोन, रचना त्याच आठ. अमेरिकेत रचनेचा दर त्या वर्षी एका गाण्याला १२ सेंट होता. पाच मिनिटांहून लांब गाण्याला मात्र त्या वर्षी मिनिटामागे २.३१ सेंट धरत आणि मिनिटाचा तुकडाही पूर्ण मिनिट मोजत. 'प्लेइंग इन द बँड' साडेसात मिनिटांच्या वर जातं. करा हिशेब.